छोट्या पैशांचा पोकर आणि समोरच्याची चाल

लास व्हेगासच्या पोकर रूममध्ये सर्वांत स्वस्त टेबल बहुधा एक-दोन किंवा एक-तीन डॉलरचे असते. एक-तीन म्हणजे पाने वाटण्याआधी एका खेळाडूने १ आणि त्याच्या डावीकडच्याने ३ डॉलर सक्तीने पुढे ठेवायचे; या रकमांना ब्लाइंड म्हणतात. खेळाडू साधारण २०० ते ३०० डॉलरच्या चिप्स घेऊन बसतो. टेबलाभोवती नऊ-दहा जण असतात: कंपनीच्या परिषदेला आलेला विक्रेता, निवृत्त शिक्षक, मित्राच्या लग्नाआधी मौज करायला आलेली पोरे आणि रोज दुपारी ठरल्या खुर्चीवर येऊन बसणारे एक-दोन स्थानिक. टीव्हीवर दिसणाऱ्या पोकरमध्ये काळा चष्मा लावलेला माणूस हातात काही नसताना लाखोंची बेट लावतो आणि समोरचा घाम पुसत पाने टाकून देतो. एक-तीनच्या टेबलावर असा पराक्रम, म्हणजे ब्लफ, करणारा बहुतेक वेळा खिसा रिकामा करून उठतो, कारण समोरचा पाने टाकतच नाही. त्याला बघायचेच असते.

या टेबलांवर बहुतेक ठिकाणी टेक्सस होल्डेम हा प्रकार खेळला जातो. टेक्ससमधल्या रॉब्सटाउन या गावाला तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये या खेळाचे जन्मगाव म्हणून मान्यता दिली. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि मध्ये पाच सामाईक पाने उघडली जातात. पहिली तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप. चौथे पान टर्न आणि पाचवे रिव्हर. सातांतली उत्तम पाच पाने धरायची. पाने वाटल्यावर एकदा आणि मधली पाने उघडताना तीनदा अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत खेळाडू चेक करून गप्प राहतो, बेट लावतो, दुसऱ्याच्या बेटला कॉल देतो, रेझ करून ती वाढवतो किंवा फोल्ड करून पाने टाकतो. आपल्याकडच्या तीन पत्तीत समोरच्याचे एकही पान दिसत नाही. त्याच्या पैशांच्या जोरावरून काय तो अंदाज बांधायचा. होल्डेममध्ये सातांपैकी पाच पाने सगळ्यांसमोर असतात, त्यामुळे समोरच्याने टाकलेला प्रत्येक पैसा मधल्या पानांशी ताडून पाहता येतो. प्रतिस्पर्धी वाचणे म्हणजे मुख्यतः हे ताडून पाहणे.

दोन पानांच्या एकूण १३२६ जोड्या होऊ शकतात. समोरच्याकडे नेमकी कुठली जोडी आहे हे कुणालाच कळत नाही आणि ते ओळखल्याचा आव आणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. जाणता खेळाडू १३२६ पासून सुरुवात करतो आणि प्रत्येक चालीनंतर त्यातल्या न जुळणाऱ्या जोड्या वगळत जातो. उरलेल्या जोड्यांच्या गटाला रेंज म्हणतात. किती जोड्या कुठल्या चालीला वगळायच्या हे पानांवरून ठरत नाही, समोरच्या माणसाच्या सवयीवरून ठरते. एकाच बेटचा अर्थ दोन माणसांच्या हातून पूर्णपणे वेगळा होतो.

छोट्या टेबलांवर सवयींचा कल ठळक असतो, याचे कारण तिथे येणारा माणूस. २००३ मध्ये टेनेसीतला ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून घरी गेला. त्यानंतर अमेरिकेतली पोकर टेबले हौशी लोकांनी भरली. हौशी माणूस संध्याकाळ घालवायला आलेला असतो. नुसती पाने टाकत बसायला तो इतक्या लांब आलेला नसतो, म्हणून तो जरा बरी दिसणारी कुठलीही दोन पाने घेऊन डावात उतरतो. रेझ करून डाव अंगावर घेण्याऐवजी तो नुसता ब्लाइंडइतकी रक्कम टाकून फ्लॉप बघतो. टेबलाच्या भाषेत याला लिंप म्हणतात. एका डावात पाच-सहा जण लिंप करून आत आले तरी इथे कुणाला नवल वाटत नाही. थोडक्यात, लोक कॉल प्रमाणाबाहेर देतात आणि रेझ फार कमी करतात. या एका वाक्यावर छोट्या टेबलाचे निम्मे डावपेच उभे आहेत.

माणसांची वर्गवारी दोन प्रश्नांनी होते. तो किती डावांत उतरतो, आणि उतरल्यावर स्वतः पैसे लावतो की दुसऱ्याने लावलेल्याला नुसता कॉल देतो? पहिल्या प्रश्नावरून खेळाडू सैल किंवा घट्ट ठरतो, दुसऱ्यावरून आक्रमक किंवा शांत. प्रत्यक्ष टेबलावर डीलर तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव वाटतो. चांगला खेळाडू त्यातले बहुतेक पहिल्याच फेरीत सोडतो. राहिलेला वेळ फोनमध्ये घालवणारे पुष्कळ असतात, आणि बघणाऱ्याचा फायदा तिथेच सुरू होतो. कोण किती वेळा लिंप करतो, ब्लाइंडवर बसलेला कोण रेझ झाल्यावरही हटत नाही, फ्लॉपला बेट लावून टर्नला कोण ढेपाळतो, एवढे अर्ध्या तासात दिसते.

त्यातही खात्रीची माहिती एकच, आणि ती शेवटी उघडलेल्या पानांची. रिव्हरनंतर पाने दाखवली गेली की डाव उलटा चालवून पाहायचा. अमुक माणसाने राणीची एक जोडी घेऊन टर्नला चेक केले होते आणि रिव्हरला नुसता कॉल दिला होता, एवढे लक्षात राहिले तरी पुढच्या तीन तासांना ते पुरते. त्या माणसाने नंतर कधी टर्नला रेझ केले तर त्याच्याकडे एका जोडीपेक्षा बरेच काही आहे, असे मानायला आधार मिळतो.

सर्वांत जास्त भेटणारा नमुना सैल आणि शांत. इंग्रजी टेबलांवर त्याला कॉलिंग स्टेशन म्हणतात. हा मधल्या पानांशी जुळलेली कुठलीही जोडी, अगदी सर्वांत लहानसुद्धा, सोडत नाही. फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, पुरा व्हायला एकच पान कमी असेल तर बोली कितीही चढली तरी तो डाव सोडत नाही. त्याच्याशी खेळण्याचा नियम सांगायला सोपा आहे, पाळायला अवघड: त्याला ब्लफ करायचे नाही, आणि आपल्याकडे बरी पाने आली की मागेपुढे न पाहता पैसे लावायचे. इतर खेळाडूंसमोर रिव्हरला चेक करून घ्यावे असा मध्यम हात याच्यासमोर बेट लावण्याजोगा असतो, कारण तो आणखी कमकुवत हातानेही कॉल देतो. बेटचा आकारही वाढवावा. कॉल द्यायचा की नाही हे तो आपल्या पानांकडे बघून ठरवतो, किमतीकडे बघून नाही. १५ डॉलरला जो येतो तो २५ लाही येतो. ब्लफ पकडला गेल्यावर या माणसाच्या बिनडोकपणावर चिडणारे हुशार खेळाडू प्रत्येक टेबलावर सापडतात. ज्याच्या चुकांवर आपली कमाई चालते त्याला भर टेबलावर शहाणपण शिकवणे हा त्या खेळातला सर्वांत महाग छंद असावा.

ब्लफ इथे का चालत नाही ते आकड्यांतही दिसते. जमलेल्या रकमेच्या, म्हणजे पॉटच्या, निम्मी बेट लावून ब्लफ केला तर तो तीनांत एकदा जमला तरी नुकसान होत नाही. समोर एकच जण असेल आणि तो दहांत सहा वेळा पाने टाकत असेल तर हा सौदा उत्तम. पण समोर असे तिघे असतील तर तिघांनीही पाने टाकण्याची शक्यता साधारण २२ टक्क्यांवर येते आणि तोच ब्लफ तोट्यात जातो. पाच-सहा जण फ्लॉप बघत असलेल्या टेबलावर तर विचारायलाच नको.

कॉलिंग स्टेशनच्या अगदी उलट घट्ट आणि शांत खेळाडू. तो बहुधा वयाने मोठा, चिप्सचे मनोरे नीट रचून बसलेला असतो. अर्थात वय बघून शिक्का मारणे हीदेखील एक चूकच, आधी दहा-वीस डाव बघावेत. तो तासात दोन-तीन डावांतच उतरतो. ब्लाइंडला बसला असताना छोट्याशा रेझलाही पाने टाकतो, म्हणून त्याचे ब्लाइंड पुन्हा पुन्हा उचलता येतात. पण त्याने स्वतः रेझ केले की बाजूला व्हायचे. त्याच्याविरुद्ध मिळणारा नफा छोट्या-छोट्या रकमांचा असतो आणि तोटा टळतो तो मोठ्या रकमेचा.

याचे उदाहरण एका काल्पनिक डावातून घेता येईल. एक-तीन डॉलरच्या टेबलावर एका खेळाडूकडे एक्का-राणी आहे. तो १५ डॉलरचा रेझ करतो. एक सैल खेळाडू कॉल देतो आणि मोठ्या ब्लाइंडवर बसलेले असे घट्ट गृहस्थही. पॉट ४६ डॉलर. फ्लॉपला राणी, अठ्ठी आणि चौकी येते, रंग वेगवेगळे. एक्का-राणीवाला २५ लावतो, सैल खेळाडू पाने टाकतो, गृहस्थ कॉल देतात. पॉट ९६ होतो. टर्नला दुर्री उघडते, जिचा कुणाला उपयोग दिसत नाही. खेळाडू ५५ लावतो आणि दोन तासांत एकदाही रेझ न केलेले गृहस्थ १५० करतात.

आता खेळाडूने आणखी ९५ डॉलर टाकले तर एकूण पॉट ३९६ होईल. म्हणजे चारांत एकदा जरी तो पुढे असेल तरी कागदावर कॉल परवडतो. गृहस्थांकडे काय असू शकते ते मोजून बघता येते. एक राणी फ्लॉपवर आहे, एक खेळाडूच्या हातात, उरल्या दोन. या दोन राण्या चार राजांशी आठ प्रकारे जुळतात, चार गुलामांशी आणखी आठ. अशा सोळा जोड्यांपुढे एक्का-राणी जिंकते. उलट बाजूला तीन अठ्ठ्या किंवा तीन चौक्या होऊ शकतील अशा जोड्या प्रत्येकी तीन, एकूण सहा. त्यांच्यापुढे एक्का-राणीला रिव्हरचे कुठलेही पान वाचवत नाही. नुसती मोजणी केली तर सोळा विरुद्ध सहा, कॉल सरळ दिसतो. अनोळखी माणसासमोर तो कदाचित बरोबरही ठरेल, कारण त्या सोळांपैकी दोन जोड्यांनी जरी तो असा रेझ करत असेल तरी हिशेब जवळपास जुळतो.

पण सवय इथे मोजणीच्या वर बसते. राजा-राणी हातात असताना हे गृहस्थ टर्नला काय करतात हे गेल्या दोन तासांत टेबलाने पाहिले आहे. ते कॉल देतात आणि पुढच्या पानाची वाट बघतात. त्यामुळे त्या सोळा जोड्या बहुतेक सगळ्या वगळाव्या लागतात आणि उरतात त्या सहा. एक्का-राणी टाकून देणे हीच योग्य चाल. हाच रेझ टेबलापलीकडच्या, प्रत्येक दुसऱ्या डावात पैसे उधळणाऱ्या पोराने केला असता तर कॉल देऊन निवांत बसायचे. छोट्या टेबलांवर टर्न किंवा रिव्हरला शांत माणसाने केलेला रेझ जवळजवळ नेहमी खरा असतो. तो खरा मानून जितके पैसे वाचतात तितके कुठल्याही चतुर ब्लफने मिळत नाहीत, आणि हौशी खेळाडूला सर्वांत जड जाते ती हीच गोष्ट. चांगली पाने टाकायला जीव होत नाही.

सैल आणि आक्रमक खेळाडू म्हणजे टेबलावरचा गोंधळ. त्याच्यासमोर खुर्ची महत्त्वाची. चाल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणून त्याच्या डाव्या हाताला बसणाऱ्याला त्याची चाल आधी दिसते. जागा रिकामी झाली की डीलरला सांगून तिकडे सरकणे ही काही ठिकाणी संध्याकाळची सर्वांत फायदेशीर चाल ठरते. त्याच्यावर उलट रेझ करून धाक बसवण्याचा मोह टाळावा. बरा हात धरून शांतपणे कॉल देत राहिले की तोच आपल्या वतीने पॉट वाढवतो. मात्र अशा टेबलावर एका डावात शंभर-दोनशे डॉलर सहज इकडचे तिकडे होतात आणि ते ज्याला झेपत नाही त्याचा खेळ बिघडतो.

रोज येणारे स्थानिक, ज्यांना रेग्युलर म्हणतात, बरे खेळतात. पॉटच्या वाट्यासाठी त्यांच्याशी झुंजण्यात फारसा अर्थ नसतो. तेही सैल खेळाडूंची वाट बघत बसलेले असतात.

बेटचा आकार ही छोट्या टेबलांवरची सर्वांत उघडी खूण. पुष्कळ हौशी खेळाडू एरवी १० डॉलरचा रेझ करतात आणि गुलाम किंवा दश्शीची जोडी आली की २५ चा. ती जोडी पुढे खेळणे त्यांना नको असते, सगळ्यांनी आत्ताच पळावे असे वाटते. एक्के किंवा राजे आले की काही जण उलट ब्लाइंडच्या दुपटीइतकाच रेझ करतात, कारण कुणी पळू नये. एकदा उघडलेल्या पानांवरून हा धागा सापडला की तो माणूस जणू पाने दाखवूनच खेळतो. असे आकार सुधारून घेतलेले खेळाडू या टेबलांवर थोडेच असतात.

अंगविक्षेपांबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. अमेरिकेत माइक कॅरो यांनी १९८४ मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिले. ताकदीचे नाटक करणारा कमजोर असतो आणि सुस्कारे टाकत चिप्स पुढे सरकवणाऱ्याकडे भक्कम पाने असतात, हे सूत्र त्यातून रूढ झाले. छोट्या टेबलांवर ते अजून बऱ्यापैकी लागू पडते. खांदे उडवून, नाखुशीने केलेल्या रेझपासून दूर राहिलेले बरे. फ्लॉप उघडताच स्वतःच्या चिप्सकडे गेलेली झटकन नजर बहुधा पाने जुळल्याची असते. थरथरणारे हात नवख्यांना भीतीचे वाटतात. बहुतेक वेळा भक्कम पाने आल्याने ते थरथरत असतात. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने जागतिक स्पर्धेतल्या खेळाडूंच्या चित्रफितींचे छोटे तुकडे लोकांना दाखवले. नुसता चेहरा पाहून अंदाज करणारे फसले. चिप्स पुढे सरकवणारे हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र निव्वळ नशिबापेक्षा चांगले निघाले. निर्विकार चेहऱ्याची इतकी चर्चा होते, आणि बोलतात ते हात. तरीही अशा खुणेने फारतर पन्नास-पन्नासचा निर्णय एका बाजूला झुकवावा. बेटच्या कहाणीविरुद्ध नुसत्या नजरेवर दोनशे डॉलर लावू नयेत.

अर्धा तास बघून बांधलेला अंदाज चुकू शकतो. एखाद्याला लागोपाठ पाच चांगले हात आले तर घट्ट माणूसही उधळ्या दिसतो. म्हणून पहिला अंदाज सैल हाताने धरावा आणि प्रत्येक उघडलेल्या पानानिशी तो दुरुस्त करावा. माणूस संध्याकाळभर सारखा राहतही नाही. तीनशे डॉलर हरून पुन्हा तीनशेच्या चिप्स मागवणारा, मागवताना डीलरशी न बोलणारा, आता पूर्वीसारखा खेळणार नाही. तो हरलेले परत मिळवायला बसला आहे. त्या अवस्थेला टिल्ट म्हणतात. दुसरीकडे चारशे डॉलर जिंकलेला हौशी माणूस ती कमाई घरी न्यायच्या विचारात घट्ट होतो आणि त्याच्यासमोर दुपारी न चालणारा ब्लफ रात्री अकराला चालून जातो. आपणही वाचले जात असतो. दोन तास पाने टाकत बसलेल्याचा रेझ आदराने घेतला जातो, आणि तेवढ्यापुरता एखादा ब्लफ त्याला परवडतो. अर्थात तो बघणाऱ्या माणसासमोर, फोनमध्ये डोके घातलेल्यासमोर नाही.

समोरच्याकडे न बघताही उत्तम पोकर खेळता येतो, हे आता सिद्ध आहे. ब्लफ हा स्वभावाचा भाग नसून गणिताने ठरणारे प्रमाण आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी पोकरचे साधे प्रारूप मांडून दाखवले होते. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गमधल्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. ती प्रतिस्पर्ध्यांच्या खोडी शोधत नव्हती. रोज रात्री ती स्वतःच्या खेळातल्या फटी बुजवत होती. असा समतोल खेळ कुणालाच हरवू देत नाही, पण चुका करणाऱ्यांकडून जेवढे मिळू शकते तेवढे काढूनही घेत नाही. एक-तीनच्या टेबलावर समोरचा इतका एकांगी खेळत असतो की समतोल राखणे म्हणजे पैसे टेबलावर सोडून देणे. कॉलिंग स्टेशनसमोर ब्लफचे योग्य प्रमाण जवळजवळ शून्य आहे.

मराठी वाचकाला असे टेबल जवळ पाहायचे तर गोवा. तिथल्या जुगारविषयक कायद्यात १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ खेळायला परवानगी मिळाली आणि पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी राहिली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा ऑनलाइन शिकलेल्यांनाही आता समोरासमोरच बसावे लागते. मांडवीवर तीन पत्तीची सवय घेऊन बसणारा खेळाडू लवकर ओळखू येतो. त्या खेळात बोली चढवत राहून समोरच्याला पॅक करायला, म्हणजे पाने टाकायला, लावता येते आणि मधे उघडी पाने नसल्याने बोली चढवणाऱ्याचे खोटे उघडे पडत नाही. तो होल्डेममध्येही तसाच रेटून खेळतो, फ्लॉपवर काय आले याच्याशी त्याच्या बेटचा मेळ बसत नाही. त्याला सैल-आक्रमक समजून वर सांगितल्याप्रमाणे खेळावे.

आणखी एक प्रतिस्पर्धी टेबलावर कायम असतो, तो म्हणजे कॅसिनोचा कट. व्हेगासमध्ये पॉटमधून साधारण १० टक्के, पण काही डॉलरांच्या कमाल मर्यादेत, कापले जातात. बक्षीस योजनांसाठी वर एक-दोन डॉलर जातात आणि जिंकणारा डीलरला एक डॉलर टिप देतो. २० डॉलरच्या पॉटमध्ये हा वाटा डोळ्यांत भरतो, २०० डॉलरच्या पॉटमध्ये जाणवत नाही. म्हणून छोट्या पॉटसाठी झुंजत बसण्यापेक्षा सैल खेळाडूंबरोबर मोठे पॉट खेळणे किफायतीचे. सहा रेग्युलर आणि दोन घट्ट गृहस्थ बसलेले टेबल कितीही नीट वाचले तरी तिथे कट भरून काही उरत नाही. अशा वेळी पोकर रूमच्या व्यवस्थापकाकडे टेबल बदलून मागावे, आणि शेजारच्या टेबलावर जागा नसेल तर नाव यादीत लिहून जेवून यावे.